मामांना काहीही न ठेवण्याचे कारण

मी, केस्नर आउसेन, वय वर्षे एकोणतीस, राहणार पेलेतिक, बेट पोनपेई, राज्य विधानसभेचा पेलेतिक मतदारसंघातून निवडून आलेला सदस्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गेले चार दिवस मी साकावचा, म्हणजे मुळी कुटून काढलेल्या आमच्या नशेच्या पेयाचा, थेंबही घेतलेला नाही, याला माझी पत्नी मेर्सिना साक्षी आहे. मला कोणी धमकावलेले, फितवलेले किंवा घाईला लावलेले नाही. घाई आहे ती विमानाची. सीमा बंद होत्या म्हणून दोन वर्षे थांबलो, आता गुरुवारी मनिलाला जातो. तिथे माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरांतले अठ्ठ्याण्णव परत येतात. मी एका मताने निवडून आलेला माणूस आहे, दोन हा आकडा मला लहान वाटत नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रे लिहिली होती, ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात माझ्याकडे द्यायला काही नव्हते. दुसऱ्यात मी काही लोकांबद्दल खरे लिहिले होते.

कलम १. घर. पेलेतिकच्या रस्त्याला लागून असलेले दोन खोल्यांचे सिमेंटचे घर, वरचे पत्रे, मागची स्वयंपाकाची पडवी आणि वडिलांकडून आलेली जमीन मेर्सिनाला मिळावी आणि तिच्यानंतर आमची मुलगी केसियाला. जमिनीची हद्द डावीकडे दोन नीरफणसांपर्यंत आहे. डावीकडे म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडे. डोंगराकडे तोंड करून कोणी मोजू नये. शेजाऱ्यांनी एकदा तसे मोजले होते. पाण्याची टाकीही घराबरोबर.

कलम २. कोनफळाचे वेल. माझे सात वेल आहेत. ते कुठे आहेत हे मी कोणाला सांगितलेले नाही, कारण आपला वेल कोणाला दाखवू नये आणि दुसऱ्याचा बघू नये, एवढे तरी मला घरातून मिळाले आहे. पण जागा सांगितल्याशिवाय वेल कोणाला देताही येत नाही. म्हणून जागा वेगळ्या बंद पाकिटात लिहिली आहे. वेल मेर्सिनाचा भाऊ रेन्स्पर याला; ते पाकीट त्याने एकट्याने उघडावे आणि वाचून जाळावे. मेर्सिनाला जागा माहीत आहे असे मला वाटते. तिला तसे विचारू नये. दर मेजवानीच्या आधी ती मला विचारते, "या वर्षी काही उगवलंय का?" मी म्हणतो, "करंगळीएवढं." मग ती चार माणसांना निरोप पाठवते, कारण ते कोनफळ काठीला बांधून न्यायला चार माणसे लागतात.

कलम ३. होडी आणि तिचे इंजिन रेन्स्परला. इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू होते. पहिल्या दोन ओढींना त्याला शिव्या देऊ नयेत, उपयोग नाही. गवत कापायचे यंत्र पास्टर मासाओ यांच्या चर्चला; पास्टरांना स्वतःला काही नाही. साकाव कुटायचा दगड जागेवरून हलवू नये, तो ज्याच्या घरात असेल त्याचा. बँकेतले पैसे मेर्सिनाचे. माझा शब्दकोश केसियाला. त्यात ज्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ आहे ते मी कधीतरी चुकीचे लिहिले होते. तिने ते चुकवू नयेत.

कलम ४. मामांचे चित्र छापलेले साठ सदरे माझ्या घरात, पलंगाखालच्या खोक्यात आहेत. निवडणुकीच्या वेळी असे दोनशे वाटायला माझ्याकडे दिले होते आणि मी एकशे चाळीस वाटले. मी त्यांच्याविरुद्ध उभा असताना त्यांचे सदरे माझ्याकडे का होते, हे पुढच्या कलमात येईल. सदरे चांगले आहेत. शाळेतल्या मुलांना खेळायला द्यावेत.

कलम ५. माझी पार्श्वभूमी आणि निवडणूक. हे लिहिणे भाग आहे, कारण मी गेल्यावर लोक यावर बोलतील आणि मला दुरुस्त करता येणार नाही.

मी दहावीपर्यंत शिकलो. दहावीत संधिवाताचा ताप आला, तो हृदयात उतरला आणि शाळा सुटली. माझे मामा सिल्पेस्टर, म्हणजे आईचे थोरले भाऊ, तेव्हा आमदार होते. आमच्यात कूळ आईकडून चालते, त्यामुळे वडिलांचे फक्त ऐकायचे असते आणि मामांचे मानायचे असते. मामा १९९९, २००३, २००७, २०११ आणि २०१५ असे पाच वेळा निवडून आले. मोठा झाल्यावर मी त्यांची पत्रे लिहू लागलो. ते सांगत, मी स्पेलिंग बघत असे.

मामांची निवडणुकीची पद्धत एकच होती. मेजवानीत उभे राहून ते म्हणायचे, "माझा वेल वाळला. समोरचा माणूस माझ्यापेक्षा बरा, त्याला पाठवा." हे ऐकून लोक समाधानाने मान हलवत आणि मामांना मत देत. स्वतःबद्दल चांगले बोलणारा माणूस आमच्याकडे गावच्या विहिरीच्या समितीवरही निवडून येत नाही. मामा आणखी एक पाऊल पुढे जात. ते स्वतःचे मतही समोरच्यालाच देत आणि तसे सर्वांना कळेल अशी व्यवस्था करत. शंभर-दीडशे मतांनी जिंकणाऱ्याला एक मत सहज सोडता येते.

२०१९ साली त्यांच्याविरुद्ध कोणीच अर्ज भरला नाही. मामा खूश होतील असे मला वाटले. ते काळजीत पडले. एका दुपारी त्यांनी मला बोलावले.

"एकटाच धावला तर लोक म्हणतात, याच्या मागे कुत्रं लागलंय," ते म्हणाले. "तू उभा राहा."

"मामा, माझी शाळा पुरी झालेली नाही."

"मग उत्तमच. पडायला शिक्षण लागत नाही."

अर्ज मीच भरले. मामांचा आणि माझा, दोन्ही एकाच पेनाने. मामांच्या अर्जात त्यांच्या जन्मतारखेची चूक होती, तीही मी दुरुस्त केली. नंतर काही लोक म्हणाले की ती दुरुस्त केली नसती तर अर्ज बाद झाला असता. मला तसे सुचलेही नाही, हे शपथेवर लिहितो.

मग मी घरोघरी गेलो, मामांचा सदरा घालून. प्रत्येक दारात सांगितले की मी नावापुरता आहे, मत मामांना द्या. खरोखर तेच म्हणायचे होते. पहिल्याच घरी लिसापेत आजींनी मला नीरफणसाचा भाजलेला तुकडा दिला आणि सुनेला म्हणाल्या, "बघ गं, स्वतःसाठी एक शब्द नाही. केवढी रीत आहे पोराला."

मी म्हणालो, "आजी, रीत नाही. मला खरंच मत नको आहे."

"हो रे बाबा, खरंच नको आहे तुला," आजी म्हणाल्या आणि सुनेकडे बघून डोळा बारीक केला.

मी जितके जास्त नको म्हणालो तितका माझा गुण वाढत गेला. दुसऱ्या आठवड्यात मी घाबरून आणखी जोरात नको म्हणू लागलो. पास्टर मासाओ यांनी रविवारी नम्रतेवर प्रवचन दिले आणि माझे नाव घेतले नाही, पण सगळे माझ्याकडे वळून बघत होते. माझी बहीण यूस्लिन कॅन्सस सिटीला कोंबड्या कापायच्या कारखान्यात आहे. तिने फोन केला. म्हणाली, इथे आपले चाळीस-एक मतदार आहेत आणि सगळ्यांना तू फार आवडायला लागला आहेस, काय करतोस काय तू? मी तिला म्हणालो, त्यांना सांग मी मूर्ख आहे. तिने सांगितले. त्याने आणखी बिघडले.

शेवटच्या मेजवानीत मामा नेहमीप्रमाणे उभे राहिले. "माझा वेल वाळला. हा मुलगा माझ्यापेक्षा बरा." लोकांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. मग मी उठून म्हणालो की मी मामांच्या पायाखालचे गवत आहे. त्या दिवशी दोघांपैकी कोण जास्त खाली वाकले यावर दोन दिवस चर्चा झाली आणि निकाल माझ्या बाजूने लागला.

मतमोजणीत मला २१४ मते आणि मामांना २१३. कॅन्सस सिटीची पेटी शेवटी उघडली होती. दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजा अशी मागणी मी केली. ती नाकारण्यात आली, कारण जिंकलेल्याला तशी मागणी करता येत नाही.

कलम ६. माझे विधानसभेतले काम. तीन वर्षांत मी चार वेळा बोललो. मला शिक्षण समितीत घातले. अध्यक्ष म्हणाले की शाळा न झालेला माणूस शाळेकडे जास्त आदराने बघतो. माझे एकच विधेयक मंजूर झाले, ते पेलेतिकच्या दवाखान्याच्या छपराचे. छप्पर झाले आहे. आत परिचारिका पाहिजे, हे विधेयकात लिहायचे राहिले. ते माझे अपुरे काम समजावे आणि माझ्यानंतर जो येईल त्याने पुरे करावे. विधानसभेतली जागा कोणाच्या नावे लिहून ठेवता येते का, असे मी वकिलांना विचारले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

कलम ७. मामा सिल्पेस्टर यांना मी काहीही ठेवत नाही. कोनफळ नाही, डुक्कर नाही, होडीचे वल्हेसुद्धा नाही. आईच्या भावाला काही न ठेवणारा भाचा म्हणून माझे नाव निघेल. निघू द्या. कारण असे.

माझ्या विजयाची मेजवानी मामांनाच द्यावी लागली, कारण कुळातले वडीलधारे तेच. त्यांनी पाच डुकरे दिली. साकावचा पेला स्वतःच्या हाताने माझ्यापुढे धरला आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "घे. आपला पेला आपणच भरून घेतलास, आता माझ्या हातून नुसता पी."

त्यांना म्हणायचे होते की मी मत मलाच दिले. त्यांनी आपले मत रीतीप्रमाणे मला दिले होते आणि मी रीत सोडून स्वतःला दिले, म्हणून एका मताने ते पडले, असे ते समजतात. त्या दिवसापासून ते माझ्याशी समोर बसून बोललेले नाहीत. चारचौघांत ते मला "सन्माननीय सदस्य" म्हणतात. आधी "पोरा" म्हणत. हा अपमान आहे हे फक्त आम्हा दोघांना कळते. बाकीच्यांना वाटते, केवढा मान देतात भाच्याला.

माफीचा साकाव घेऊन त्यांच्या दारात जाणे सोपे होते. तो पेला कोणी नाकारत नाही, बेटावरचे परंपरेचे राजेसुद्धा नाकारत नाहीत. पण माफी मागताना काय केले ते सांगावे लागते, आणि तिथेच मी अडलो. का अडलो ते पुढच्या कलमात आहे.

आता कायदा. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला त्यावर साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. साक्षीदाराला लिहिणाऱ्याच्या समोर बसावे लागते आणि त्याने केलेली सही डोळ्यांनी बघावी लागते. मामा तीन वर्षांत माझ्यासमोर बसलेले नाहीत. त्यांना एक वल्हे ठेवले तरी ते बसू शकणार नाहीत. म्हणून काहीही नाही. गुरुवारच्या आधी ते एकदा समोर बसावेत, एवढेच मला या कागदाकडून पाहिजे. बाकीची कलमे मेर्सिनाला तोंडी सांगूनही भागले असते.

कलम ८. हे कलम मी परत आलो नाही तर फक्त मामांना वाचून दाखवावे, दार लावून.

मामा, मी मत तुम्हाला दिले होते. पेलेतिकच्या शाळेत, दुसऱ्या पडद्यामागे, सकाळी नऊला. तुमच्या नावापुढचा चौकोन मी इतका काळजीपूर्वक भरला की बाहेर रांगेतले लोक खोकायला लागले. तुमच्या २१३ मतांत एक माझे आहे. मग माझ्या २१४ मधले एक तुमचे. ते तुम्ही स्वतःला दिले असते तर माझी २१३ झाली असती आणि तुमची २१४. तुम्हाला कोणी पाडले नाही, तुमच्या रीतीने पाडले. हे मी बोललो असतो तर लोकांनी बोटांवर हिशेब केला असता आणि वीस वर्षे आमदार राहिलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला घरी बसवले म्हणून साकावच्या दगडाभोवती हसले असते. मला एकटे तुम्हीच चोर समजता, त्यावर कोणी हसत नाही. ते मला चालते. पण गेली तीन वर्षे त्या खुर्चीत बसताना मी पाठ टेकवलेली नाही. ती खुर्ची तुम्ही चुकून माझ्याकडे दिलेली आहे असे मला वाटत राहते.

कलम ९. अंत्यविधीला चार दिवसांऐवजी तीनच दिवस जेवण ठेवावे. माझ्याबद्दल कोणी चांगले बोलू नये. त्याचे काय होते ते मी बघितले आहे.

पुरवणी, बुधवार. ही मी वेगळ्या कागदावर लिहीत आहे, कारण शेवटचा कागद सध्या मामांच्या हातात आहे.

काल मेर्सिना त्यांच्याकडे गेली होती. मृत्युपत्रावर साक्षीदार पाहिजे म्हणाली. मामांनी विचारले, "मला काय ठेवलंय त्याने?"

"काहीच नाही, मामा."

"काहीच नाही?"

"वल्हंसुद्धा नाही."

मामांनी तिला दारापर्यंत सोडले, असे ती सांगते. मग म्हणाले, "मग येतो."

आज सकाळी ते पास्टर मासाओ यांच्याबरोबर आले. पडवीत चटईवर माझ्यासमोर बसले. मी सहीची जागा उघडी ठेवून बाकीच्या मजकुरावर कोरे कागद टाकले होते आणि साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते हे त्यांना सांगितले.

"झाकलेल्या कागदावर मी सही करत नाही," मामा म्हणाले. "वीस वर्षं सभागृहात काढली आहेत, सन्माननीय सदस्य."

त्यांनी कागद काढून घेतले आणि विधेयक वाचावे तसे वाचायला लागले, प्रत्येक ओळीवर नख ठेवून. मी त्यांना आठवे कलम सोडा म्हणू शकलो नाही. म्हणालो असतो तर त्यांनी तेच आधी वाचले असते. पहिल्या कलमाला म्हणाले, टाकी राहिली आहे. मी दाखवले की ती शेवटच्या ओळीत आहे. चौथ्या कलमाला म्हणाले, साठ उरले? मला शंभर उरले असं वाटलं होतं. सातव्याला नख एका ओळीवर थांबले आणि पुढे सरकले.

आठवे त्यांनी दोनदा वाचले. पास्टर समुद्राकडे बघायला लागले.

"मला दिलंस?"

"हो, मामा."

"तीन वर्षं बोलला नाहीस."

"बोललो असतो तर लोकांनी हिशेब केला असता."

"लोकांना हिशेब येत नाही," मामा म्हणाले. "तो मला यायला हवा होता." मग त्यांनी मेर्सिनाकडे कॉफी मागितली, ती आल्यावर प्यायली नाही, आणि मला विचारले, "साक्षीदाराला शेरा लिहिता येतो का?"

मी म्हणालो, कायद्यात लिहा असेही नाही आणि लिहू नका असेही नाही.

"पेन दे, पोरा."

मी आणि पास्टरांनी सह्या केल्या. त्या मामांनी नीट पाहिल्या. आता ते लिहीत आहेत. साक्षीदारासाठी मी दोन ओळींची जागा सोडली होती, ते चौथ्या ओळीवर आहेत. एकदा त्यांनी लिहिलेले खोडायला पेन उचलले आणि न खोडता खाली ठेवले. पास्टर म्हणाले, सिल्पेस्टर, नुसती सही पुरते. मामा म्हणाले, तुमचं काम झालं असेल तर कॉफी प्या.

त्यांनी काय लिहिले ते मी अजून वाचलेले नाही. ते मला मान्य आहे, हे वाचण्याआधी लिहून ठेवतो. तो शेरा या मृत्युपत्राचा भाग समजावा आणि कोणीही त्यातला एक शब्दही दुरुस्त करू नये, स्पेलिंगसुद्धा.

ठिकाण: पेलेतिक, पोनपेई
दिनांक: १४ सप्टेंबर २०२२

लिहून देणार: केस्नर आउसेन (सही)

साक्षीदार क्रमांक एक: पास्टर मासाओ एलियास (सही)

साक्षीदार क्रमांक दोन:
केस्नरने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर आहे. मजकूर वाचला. कलम ८ मध्ये एक चूक आहे. माझे मत त्याच्या २१४ मध्ये नाही. त्या वेळी पडद्यामागे मला भीती वाटली आणि मी मत मलाच दिले. वीस वर्षांत पहिल्यांदा. बाहेर येऊन नेहमीचेच सांगितले. म्हणजे मी माझे आणि त्याचे अशी दोन्ही मते घेऊन पडलो. खुर्ची त्याला लोकांनी दिली आहे, मी नाही. त्याने परत येऊन पाठ टेकवून बसावे.
सिल्पेस्टर आउगुस्तिन (सही)